गुऱ्हाळाकडे वळलेले बाण

कोरेगावच्या आमच्या शाळेत स्काउट पथक निघालं तेव्हा आम्ही आठच जण होतो. एकानं पुढे जाऊन दगडांचे बाण मांडायचे आणि बाकीच्यांनी त्या खुणांवरून वाट काढायची, हा आमचा आवडता खेळ. एकदा बाण मांडायचं काम माझ्याकडे आलं. जायचं होतं टेकडीवर, पण वाटेत काकवीचा वास आला आणि मी बाण गुऱ्हाळाकडे वळवले. सगळं पथक ताज्या गुळावर तुटून पडलं.

मागून आलेल्या मास्तरांनी जाब विचारला, तेव्हा मी म्हणालो, "शेरडांनी दगड हलवले, सर."

शेरडांचा मालक, माणदेशातून आलेला म्हातारा धनगर, जवळच उभा होता. "आवं मास्तर," तो म्हणाला, "माजी शेरडं पाला लय खात्यात, पर बाण मांडाया अजून शिकली न्हाईत."

पोरं खो खो हसली. मास्तरांनी मात्र माझंच खरं मानून त्याच्या शेरडांना शाळेच्या माळावर बंदी केली. गुळाची बातमी पसरली आणि आठवडाभरात पथक तिप्पट झालं. मला वाटाड्याचा बिल्ला मिळाला. धनगर पुन्हा दिसला नाही.

म्हातारा खरं बोलला होता. शेरडं शिकली नव्हती. बाण मीच वळवले होते.