गुरुजींचे डबे आणि माझी दारं

“एकाच खुर्चीत नीट ऐकू येणारा स्पीकर घरचा कसा म्हणायचा, माई?”

“आणि चार घरं पलीकडे धमधम जाणारा घरचा कसा म्हणायचा, गुरुजी?”

“निदान सगळ्यांना ऐकू तरी जातं!”

“हो, ज्यानं मागितलं नाही त्यालाही!”

गेल्या रविवारी दुपारी, वरठीला माझ्या बैठकीत, हे असं पेटलं होतं. भांडणं मी विसरते. किस्से मात्र साचतात, दुरुस्तीनंतर उरलेल्या स्क्रूंसारखे. कुठल्या मशीनचे ते पक्कं आठवत नाही, पण टाकवतही नाहीत!

तर माणसं सांगते. मी चौथी पास. रेडिओ उघडून उघडून शिकले, कोणी शिकवलं नाही, म्हणून कोणाचे उपकारही नाहीत. चेटुले गुरुजी लाखांदूरचे, रिटायर्ड. मुलानं त्यांना दोन मोठे पेटीवाले स्पीकर पाठवले. बायकोनं घरात घेतले नाहीत, म्हणून ते माझ्याकडे. देवराम करडीचा शेतकरी, भजन मंडळात टाळ वाजवतो. आणि कमल, माझी धाकटी जाऊ. आम्ही दोघी एकत्र राहतो. चहा तिच्या हातचा.

माझे स्पीकर मी स्वतः बनवलेत. माणसाच्या उंचीची लाकडी चौकट, तिच्यात ताणलेला कागदासारखा पातळ पडदा, त्यावर चिकटवलेल्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, मागे चुंबकांच्या ओळी. पेटीबिटी काही नाही, पडदाच थरथरतो आणि बोलतो. तीन पडदे जाळले, दोन उन्हाळे घातले, तेव्हा बोलला! गुरुजी त्यांना ‘दारं’ म्हणतात. म्हणून मी त्यांच्या पेट्यांना ‘डबे’ म्हणते.

* * *

पहिल्या दिवशी मी दारं भिंतीला टेकवून ठेवली. आवाज विहिरीतून आल्यासारखा! तीन दिवस वायरी तपासल्या. देवराम सहज मागे डोकावला.

“माई, हा तं मांगूनबी तेवढाच बोलून राहिला!”

खरंच की! पडद्याला पुढचं-मागचं सारखंच. मागचा आवाज भिंतीवर आपटून पुढच्यात कालवत होता. दारं चार फूट पुढे ओढली. आवाज लख्ख! पण सोफ्याला जागा उरली नाही, तो गेला व्हरांड्यात.

गुरुजी आले, पाहिलं, म्हणाले, “छान! स्पीकर घरात, माणसं बाहेर!”

त्या दिवशी त्यांचा चहा बाहेरच दिला.

* * *

खुर्चीची जागाही तशीच नेमकी. वीतभर सरकलात की गाणारी बाई एका दारात जाऊन बसते. देवरामनं भाताच्या रोवण्याला बांधतात तशी दोरी दोन्ही दारांपासून ताणली, मधोमध खुर्ची ठेवली, पायांपाशी खडूचे चार पांढरे ठिपके काढले. दुसऱ्या दिवशी ठिपके गायब!

“कमल, खुणा कुठं गेल्या?”

“कोनत्या खुना? मले वाटलं पाल हागली!”

* * *

सुरुवातीला डबे आणि दारं आळीपाळीनं लावून पाहिली की दर वेळी गुरुजींचे डबे जिंकायचे. आठवडाभर माझी झोप उडाली. मग ध्यानात आलं, अॅम्प्लिफायरचं बटन त्याच आकड्यावर असलं तरी डबे जास्त जोरात वाजतात. आणि जोरात ते चांगलं, असं कानाला वाटतंच. मी बटनावर दोन कुंकवाच्या रेघा ओढल्या, एक डब्यांची, एक दारांची. दोन्ही आवाज सारखे केले.

गुरुजी चष्मा सावरत म्हणाले, “आज माझे स्पीकर आजारी दिसतात.”

“आजारी नाहीत. ओरडायचे थांबलेत!”

खोटं मात्र मी बोलणार नाही. ढोलकीची थाप डब्यांवरच पोटात बसते. माझ्या दारांना ते पोटच नाही.

* * *

देवरामनं एकदा त्याच्या मंडळाचं भजन पेन ड्राइव्हवर आणलं. डब्यांवर लावलं, मान डोलवली. दारांवर लावलं, आणि त्याची मान मध्येच थांबली.

“माई, तुमचं दार बिघडलं. माहा टाळ मांगून येऊन राहिला!”

पुन्हा लावलं. टाळ पुन्हा ठेक्याच्या मागून, जरासा उशिरा. तिसऱ्यांदाही.

देवराम खाली बघून म्हणाला, “वीस वरसं मंडळात कोनी काई बोललं नाई जी.”

पुढच्या रविवारी तोच सांगत आला, “बुवानं इचारलं, देवराम, आज टाळ काहून एवढा बराबर?”

* * *

तर गेल्या रविवारचं ते भांडण. शेवटी गुरुजी म्हणाले, “डोळे बांधा माझे. कुठला स्पीकर खरा वाटतो, ते कानानं सांगतो. आणि हरलात तर?”

“तर दारं देवरामच्या गोठ्याला लावीन!”

बोलून गेले. बोललेलं मी परत घेत नाही. दोन उन्हाळे डोळ्यांपुढे आले, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

गुरुजी खुर्चीत. डोळ्यांवर देवरामचा दुपट्टा. मी अंगणात कमलचं एकच वाक्य रेकॉर्ड करून ठेवलं होतं. आधी डब्यांवर लावलं.

“गुरुजी, चाय घ्या.”

गुरुजी ढिम्म. “हं. पुढचं.”

स्विच फिरवला. दारं.

“गुरुजी, चाय घ्या.”

“दे, कमल,” म्हणत गुरुजींनी हात पुढे केला!

हात हवेत, कप नाही. देवराम हसून हसून खाली बसला. गुरुजींनी झटकन हात मागे घेतला.

“हाताची सवय आहे ती! हा काही पुरावा नाही. पुन्हा लावा!”

“असा कसा नाही पुरावा?”

“पुन्हा लावा म्हणतो ना!”

मी स्विचला हात लावणार, तेवढ्यात कमलच खरोखर ट्रे घेऊन आली आणि दोन दारांच्या मधोमध उभी राहिली.

“गुरुजी, चाय घ्या.”

डोळ्यांवर दुपट्टा तसाच ठेवून गुरुजींनी हाताची घडी घातली. “आता नाही फसायचो! हे तुमचं दार, माई. पातळ, नकली. बाई अशी बोलते का कुठं? आवाजात जीवच नाही!”

मी देवरामकडे पाहिलं, देवरामनं माझ्याकडे. कमलनं ट्रे तसाच वळवला.

“मंग आजपासून चाय त्या दारालेच मांगत जा, गुरुजी!”