बंद्याचा हक

"अन् माझ्या माहेरचं काय?" शमशादनं भाताचं उलथणं पातेल्यात टाकलं. "तुम्ही सांगून मोकळ्या व्हाल मां. रोह्याला माझी आई घराबाहेर कशी पडायची?"

"तुझ्या आईचं नाव मी घेतलं का?" रुकय्याबी म्हणाली.

"घ्यायची गरजच नाय. पेणातली गोष्ट रोह्याला कोणाच्या फोनवरून गेली ते लोकांना आपोआप कळतं."

नियाज मान खाली घालून जेवत होता. हमरापूरहून गणपती पोहोचवायचा हंगाम, टेम्पो दारातच उभा, केसांत मूर्तीभोवतीच्या पेंढ्याच्या काड्या. बायको आणि आईच्या मधे बोलायचं नाही हा त्याचा लग्नापासूनचा नियम. आज त्यानं तो मोडला. "मां, मौलानांनी काय सांगितलं तुला? ज्याची गीबत केली, पाठीमागं वाईट बोललीस, त्याला कळलं नसेल कोण बोललं, तर जाऊन सांगू नको. त्याचा जीव दुखवू नको. त्याच्यासाठी दुवा माग, अस्तगफार कर, अल्लाकडं माफी माग, जिथं वाईट बोललीस तिथं चांगलं बोल. हेच ना?"

"हेच."

"मग करतेस ना ते तू?"

करत होती. चार महिने करत होती.

रुकय्याबीच्या तोंडात अस्तगफिरुल्ला हा शब्द तसा जन्माचाच. नमाजचा सलाम फिरवला की तीनदा, हे तर सगळेच म्हणतात. तिचा त्यापलीकडेही चालू असायचा. दूध उतू गेलं, अस्तगफिरुल्ला. शेजारणीच्या सुनेबद्दल मनात काही वाकडं आलं, अस्तगफिरुल्ला. कपडे वाळत घालताना, वाल सोलताना, पेणच्या बाजारात मासळीचा भाव पाडून झाल्यावर. घरातल्यांना तो घड्याळाच्या टिकटिकीसारखा झाला होता. चालू असला की ऐकू येत नसे.

आणि तिचं कामही असं, की माफीशी तिचा रोजचा संबंध. मोहल्ल्यात कुठली बाई गेली की आंघोळ घालायला रुकय्याबीला बोलावणं यायचं. सासूनं तिला हे शिकवलं त्याला तीस वर्षं झाली. बोरीचा पाला घालून पाणी कोमट करायचं, पाला कासू गावची भाजीवाली हौसा वालाच्या शेंगांबरोबर आणून द्यायची. बाईच्या अंगावर चादर धरून, चादरीखालून हात फिरवायचा. शेवटच्या पाण्यात कापूर. सासू म्हणायची, "हात सगळ्यांना जमतो गो. तोंड जमलं पायजे. मयताच्या अंगावर काय दिसलं ते तिथंच पुरायचं. जो मयताचा ऐब, त्याचं उणं, झाकतो त्याचे ऐब अल्ला झाकतो." रुकय्याबीनं तीस वर्षांत काय काय पाहिलं असेल. भाजल्याचे डाग, वळ, कोणाच्या दंडावर लहानपणीचं गोंदण. कधी एक अक्षर बाहेर गेलं नाही. म्हणून तर लोक तिलाच बोलवायचे.

मग जैनब गेली. पेणमध्ये जैनबची वेणी प्रसिद्ध होती. डोक्यावरून ओढणी घेतली तरी खाली कमरेवर जाड शेपटा दिसायचा. लग्नाकार्यात बायका पोरींना म्हणायच्या, तेल लावा, नायतर जैनबसारखे केस कुठून येणार. आंघोळीच्या वेळी पडद्याआड दोघीच होत्या, रुकय्याबी आणि पाणी ओतायला जैनबची नणंद हलीमा. केस धुवायला वेणी सोडली, तर शेपटाच हातात आला. गंगावन होतं. खाली डोक्यावर चाईचे चट्टे, मधे मधे चार बोटं केस.

रुकय्याबीनं वर पाहिलं. हलीमानं नजर खाली वळवली आणि पाणी ओतत राहिली. बाईच्या केसांच्या तीन वेण्या करून पाठीमागे सोडायच्या असतात. रुकय्याबीनं त्या चार बोटांच्याच तीन वेण्या घातल्या, किती वेळ लागला तो लागला, आणि वर कफनाची ओढणी अशी बसवली की शेवटचं तोंड पाहायला आलेल्या पोरीलाही काही कळू नये. पोरगी म्हणजे जैनबची एकुलती एक मुबीना. गंगावन रुकय्याबीनं स्वतःच्या हातानं पुरलं.

इतकं सगळं नीट केलेली बाई दीड महिन्यानं एका लग्नघरात तांदळाच्या रोट्या लाटायला बसली. सहा जणी होत्या, शिवाय शमशाद. कोणीतरी हळहळली, "जैनबचा तो शेपटा मातीत गेला गो." आणि रुकय्याबी म्हणाली, "शेपटा कसला, गंगावन होतं ते. डोकीवर चाई होती."

का म्हणाली? तिचं जैनबशी वाकडं नव्हतं. तिनं पुढे पुष्कळ विचार केला आणि तिला एकच उत्तर सापडलं, तेही तिला आवडलं नाही. ती बोलली तशी सगळ्यांची लाटणी थांबली होती. सहा जणी तिच्याकडे बघत होत्या. तीस वर्षं दुसऱ्यांचं पोटात ठेवणाऱ्या बाईला, त्या एवढ्याशा वेळात, आपल्याला जे ठाऊक आहे ते कोणाला नाही याची गोडी लागली. पिठाचे हात तोंडावर ठेवून ती लगेच अस्तगफिरुल्ला म्हणाली. पण तोवर शब्द गेला होता.

शमशादनं त्याच दिवशी आईला फोनवर सांगितलं. वाईट हेतूनं नाही, भाजी काय केली याच्याबरोबर सांगितलं. रोह्यात मुबीनाचं लग्न जवळजवळ ठरलेलं. मुलाच्या आईच्या कानावर गेलं, तशी ती दोन बायका घेऊन पेणला आली, चहा प्यायली आणि म्हणाली, "चाई घराण्यात असते म्हणतात. पोरीचे केस सोडून दाखवा." मुबीनानं उठून क्लिप काढली, केस सोडले, त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. केस चांगले होते. मग क्लिप लावून तिनं बापाला सांगितलं, या घरात मला द्यायचं नाय.

त्यानंतर रुकय्याबी मौलानांकडे गेली होती. त्यांनी सांगितलं तसं तिनं सगळं केलं. त्या सहाही जणींच्या घरी जाऊन जैनबचं चांगलं बोलून आली. रोज जैनबच्या नावानं दुवा मागितली, बोटातल्या मोजणीच्या यंत्रावर अस्तगफारचे आकडे चढत गेले. जीव थोडा हलका व्हायला लागला होता. आणि मागच्या महिन्यात मुबीना दारात उभी राहिली. "खाला, तुम्ही अम्माला आंघोळ घातली तशी मला शिकवा. तुमचे गुडघे आता किती दिवस चालणार?"

शिकवणं नाकारता येत नाही. दर जुम्मेरातीला, गुरुवारी, मयताच्या जागी लोडावर चादर घालून दोघी बसायच्या. आज सकाळी चादरीची घडी करताना रुकय्याबीनं सहज विचारलं, "हलीमा दिसली नाय बरेच दिवसांत?"

"हलीमाफुपूला मी दारात घेत नाय," मुबीना म्हणाली. "अम्माचं तिनंच बाहेर सांगितलं. पडद्याआड तुम्ही दोघीच होतात. तुम्ही तर कधी बोलणार नाय. मी रोह्याजवळ वरशाला तिच्या घरी जाऊन तिला तोंडावर विचारलं, तू नाय तर कोण बोललं सांग. तर खाली बघत गप्प बसली. गप्प बसली म्हणजे तीच ना, खाला?"

रुकय्याबीनं घडी घालून चादर बाजूला ठेवली. ती फक्त म्हणाली, गुडघा चालत नाय नीट, आज इतकंच बस.

"चांगलं चाललंय ते उकरू नको," नियाज आता समजावणीच्या सुरात आला होता. "त्या सहा बायका पोरीला काय सांगणार नाय. ज्याची गोष्ट त्याला ती सगळ्यात शेवटी कळते. अन् तू सांगितलंस तर तुझं ओझं उतरंल, पण ते तिच्या डोक्यावर जाईल. तुझ्यावर तिचा किती विश्वास हाय बघतेस ना?"

त्याचं बोलणं खोटं नव्हतं, हे रुकय्याबीलाही ठाऊक होतं.

"महिनाभर मीपण हेच धरून बसले," ती म्हणाली. "माझं मी अल्लाशी बघतेय, पोरीला कशाला त्रास. पण हलीमा?"

"तिनं सांगावं ना, मी नाय म्हणून," शमशाद म्हणाली. "तोंड नाय का तिला?"

"हाय. अन् तिला ठाऊक हाय कोण बोललं. दोघीच होतो. तिनं नाय सांगितलं म्हणजे मी सांगितलं, याला काय शाळा शिकावी लागते? पोर समोर उभी राहून विचारते, कोण बोललं. हिनं नुसतं माझं नाव घेतलं असतं तर भावाचं घर परत मिळालं असतं. नाय घेतलं. गप्प बसली. तीस वर्षं लोकांचे ऐब मी झाकते म्हणून मिरवत होते. माझा ती झाकतेय, भावाचं दार बंद करून घेऊन."

शमशादनं गॅस बंद केला.

"लाख वेळा अस्तगफार करा, अल्ला त्याचा स्वतःचा हक माफ करतो," रुकय्याबी म्हणाली. "बंद्याचा, माणसाचा, हक बंद्यानंच माफ करायचा. आधी एका जैनबचाच होता, तिच्या मागं तो तिच्या पोरीकडं. आता हलीमाचापण झाला. मौलानांना मी हलीमाचं सांगितलंच नव्हतं, मलाच ठाऊक नव्हतं. अन् आता परत विचारायला जायची मला गरज वाटत नाय."

"अन् माझं?" शमशादचा आवाज खाली आला होता. "मुबीना विचारंल ना, रोह्याला कोणी पोचवलं."

"विचारंल. तुझं नाव मी घ्यायची नाय, ती परत गीबत होईल. तुझी माफी तू माग, नायतर नको मागू. ते मी तुला सांगणार नाय."

नियाजनं ताट पुढे सरकवलं. "कोण बोलावणार मग तुला आंघोळीला? सगळ्या मोहल्ल्यात होईल."

रुकय्याबी गुडघ्यावर हात देऊन उठली. वजूला, नमाजआधी हातपाय धुवायला, जाण्याआधी दारात थांबून तिनं दोघांनाही सांगितलं, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा आवाजात.

"दुपारची जुहर पढून मी मुबीनाकडं जाते, माझ्या तोंडानं सांगते. तिथून मिळंल त्या गाडीनं रोहा, वरशाला हलीमाकडं. मला यायला उद्याचा दिवस होईल. अन् पोर माफ करीपर्यंत मी कुठल्या मयताला हात लावायची नाय. कोणी बोलवायला आलं तर का ते सांगा, तब्येतीचं निमित्त सांगू नका."