उपरण्याखालचा हात

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही कुणी असलं काही सांगायला लागलं की आधी मीच हसतो... पण भालकीच्या जनावरांच्या बाजारात, भर दुपारी, शंभर माणसांत माझ्या हाताला जे लागलं ते लिहून टाकतो. मी अरबाला फसवलं असं म्हणणाऱ्यांनीही वाचावं!

मी दलाल. आमचे सौदे उपरण्याखाली होतात. झाकलेला हात धरायचा, बोटं दाबून भाव सांगायचा. तोंडाने आकडा नाही. बापाने मला काहीच ठेवलं नाही. मी या बोटांवर उभा राहिलो.

पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामाची सत्ता गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. परदेशी अरबांना परत पाठवायची ऑर्डर निघाली, त्यात आमचा सालेह चाऊसही होता. मूळचा अदनकडचा. तरुणपणी जहाजावर कोळसा ओढत फ्रान्सला उतरला आणि स्वखुशीने स्पेनच्या यादवीत लढायला गेला. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तिकडे एब्रो नदीवर राहिली. नंतर निजामाच्या फौजेतल्या चुलत्याकडे इकडे आला. घोडीचं नाव त्याने एब्रोच ठेवलं.

"परक्याच्या भांडणात कामून गेलास रे?" मी एकदा विचारलं होतं.

"गरीबां मर रहे थे, सेठ. गया." मग हसून, "सामने से बी मुसलमानांच गोली मारते थे. मोरोक्को के."

इथे मात्र त्याने एकही गोळी झाडली नव्हती. तरी जायचंच होतं.

घोडी विकायला तो माझ्याकडे आला. त्याला घाई आहे हे मला ठाऊक. मी बोटं दाबली — निम्मा भाव. सौदा आहे, दानधर्म नव्हे! त्याने हात सोडला नाही.

"हौ. पन टांगे को नक्को जोडना. जबान दे."

दिली.

दोन महिन्यांनी जनवाड्याचा टांगेवाला नागप्पा आला. एब्रो त्याच्या मनात भरली. चाऊस समुद्रापार... जबान कोण विचारणार? नागप्पा घोडीभोवती फिरत होता. तिच्याकडे बघतच मी उपरणं टाकून हात पुढे केला. लगेच खालून हात आला. थंडगार. मी दाबायच्या आत त्यानेच माझी बोटं आवळली. अंगठा आणि दोन बोटं. पुढे नुसती गुळगुळीत कड.

"नागप्पा, चेष्टा करायलास काय?" मी ओरडलो.

"काय झालं, अप्पा?" तो घोडीच्या पलीकडे वाकला होता, तिचा खूर त्याच्या दोन्ही हातांत. "मी अजून हात घातलोच न्हाई."

उपरणं झटकलं. खाली माझा एकट्याचा हात. एब्रो त्या उपरण्याकडे मान वळवून फुरफुरली — चाऊस दिसला की फुरफुरायची, तशी.

"न्हाई विकायची. जा!"

शेजारचा दलाल शिवप्पा दात काढत म्हणाला, "अरबाला लुटलास, आता भाव वाढवायलास व्हय?"

मी एब्रोचा दोर सोडला आणि घरची वाट धरली.

एब्रो सात वर्षं माझ्या दारात उभी राहिली. टांग्याला जोडली नाही. हे बाजारात कुणी बोलत नाही. निम्मा भाव तेवढा सगळ्यांना आठवतो. चाऊस तेव्हा जिवंत होता की नाही, कळलं नाही. जिवंत असला तर हात कसा आला? मेला असला तरी कसा आला? मला आजही उलगडलेलं नाही.

गेल्या महिन्यात एब्रो मेली. पुरायच्या आधी तिच्याजवळ बसलो, उपरणं टाकून हात पुढे केला. बराच वेळ तसाच धरला...

कुणी हात दिला नाही.