बाबांनी निवडलेला वाण

ताईने बाबांना न विचारता कॅनडातल्या एका शेतकऱ्याशी लग्न केलं, तेव्हापासून आठ वर्षं बाबा तिच्याशी बोलले नव्हते. आई गेल्यावर ते माझ्याकडे सिंगापूरला, जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. नोकरीभर त्यांनी संशोधन केंद्रात गव्हाचे वाण तपासले होते. इथे दुपारी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांसमोर एकटेच चहा घेऊन बसायचे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये ताईचा मला फोन आला. "यंदा पेरणीचं मी बघतेय. दोन वाण आहेत समोर. बाबांना विचारशील? माझं नाव घेऊ नकोस."

नाव न घेताही त्यांना कळलं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. "तिथे शेवटचं हिम कधी पडतं? आणि पहिलं?" एवढंच विचारलं. मी ताईकडून माहिती घेऊन सांगत राहिले. तिथे गहू मे महिन्यात पेरतात आणि ऑगस्ट सरायच्या आत तो पिकावा लागतो. एका वाणाचा एकरी उतारा जास्त, पण तो दहा दिवस उशिरा तयार होणारा.

"लवकर येणाराच घे म्हणावं," बाबा म्हणाले. "थोडा कमी पिकला तरी चालेल. दाणा चिकात, ओला असताना हिम पडलं, तर हाती काही लागत नाही."

ताईने जास्त उताऱ्याचा पेरला. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात हिम पडलं. दाणे सुरकुतले, सगळा गहू गुरांच्या खाद्यात गेला. "बाबांना सांगू नकोस गं," ती फोनवर रडत म्हणाली.

बाबांनी एकदाच विचारलं, "पीक कसं आलं?"

"छान आलं."

ते इतके खुलले! "मूठभर मागव. बघू दे मला."

मी ऑफिस सुटल्यावर लिटिल इंडियात जाऊन गहू आणला आणि पंधरा दिवसांनी साध्या पाकिटात घालून त्यांना दिला. त्यांनी तो तळहातावर पसरला, एक दाणा दाताखाली फोडला.

"हा आपल्याकडचा आहे," ते म्हणाले. "तिथला तांबूस असतो, बारीक. तिचा हिमात गेला ना?"

मी मान डोलावली.

"दोघीही मला एवढ्या घाबरता?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. दाणे परत पाकिटात भरत म्हणाले, "तिला म्हणावं, मला बोलायचंय."

मी ताईला मेसेज केला. उत्तर आलं, "आज नको. उद्या धीर करून बोलते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा बाथरूममध्ये कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता, वाचा गेली होती. हॉस्पिटलमध्ये मी फोन त्यांच्या कानाशी धरला. ताई बराच वेळ बोलत होती. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, तिनेही नंतर सांगितलं नाही. बाबांची बोटं चादरीवर हलत होती, पण ती सकाळपासून तशीच हलत होती.

चौथ्या दिवशी ते गेले. यंदा ताईने जमीन शेजाऱ्याला कसायला दिली आहे.