नागोरावचं भिंत वाजवणं

आमच्या हिंगोलीकडचा नागोराव पुण्यात वारज्याला राहतो. शहरात रंग लावणारे पुष्कळ. नागोराव रंगाच्या आधीचा माणूस. पेरणीसाठी रान तयार करावं तशी तो भिंत तयार करतो. जुना रंग खरवडतो, भेगा भरतो, पुट्टी ओढून घासतो आणि मग बाजूला होतो.

त्याची एक रीत आहे. काम सुरू करण्याआधी तो अख्खी भिंत बोटांच्या पेरांनी वाजवतो, वीत वीत अंतरावर, वरपासून खालपर्यंत. घट्ट प्लास्टर टणक बोलतं. पोकळ असेल तिथे बद्द आवाज येतो. तिथे खडूने गोल काढायचा आणि तेवढं पाडायचं. तीस वर्षांत त्याचा गोल चुकला नव्हता.

यंदा त्याचे कान मंदावले. तो कुणाला बोलला नाही. ऐकू न येणाऱ्याला भिंत कोण देणार? ठोकताना तो डावा तळहात शेजारी टेकवून धरी, आणि हाताला कळेल त्यावर खडू चालवी.

उन्हाळ्यात सदाशिव पेठेत यमुनाबाईंकडे काम निघालं. बाई निवृत्त शिक्षिका, घरात एकट्या. एक खोली विद्यार्थिनींना भाड्याने द्यायची होती. त्यांचा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जाणारा, त्यामुळे त्यांचं बोलणं नागोरावला नीट कळे. तो वाजवत होता, बाई चहा घेत बघत होत्या.

“अहो, किती ठोकताय? आतून कुणी दार उघडणार नाहीये.”

नागोराव हसला आणि खिडकीखालचा भाग वाजवून पुढे सरकला.

“तो सोडलात?”

“चांगला हाय तो, बाई.”

“चांगला? मडक्यासारखा वाजला की.”

“जुन्या भिंती वाजतात तशा.”

बाई आत गेल्या, लाटणं घेऊन आल्या आणि तिथे दोनदा मारलं. ताटाएवढा ढलपा खाली आला. आतली वीट उघडी पडली.

नागोराव खाली बसून तुकडे गोळा करू लागला. मान न उचलता म्हणाला, “मला ऐकायला कमी येतंय, बाई. दुसरा माणूस बघा.”

“हे आधी सांगायला काय झालं होतं?”

“सांगितलं असतं तर काम दिलं असतं?”

“नसतं दिलं.”

मग बाईंनी खुर्ची ओढून भिंतीशी घेतली. “उठा. तुम्ही वाजवा, मी सांगते. चौतीस वर्षं पोरांच्या थापा ऐकल्यात, भिंत काय अवघड आहे?”

तो वाजवू लागला. “ठीक. ठीक. हं, बद्द. काढा गोल.” चार भिंतींवर एकवीस गोल निघाले. त्यातले सहा त्याच्या हाताला कळलेच नव्हते.

आता नागोराव दारातच सांगतो, “मला कमी ऐकू येतं. भिंत वाजवताना घरातलं एक माणूस शेजारी बसवा.” दोन घरांनी त्याला परत पाठवलं. शनिवार पेठेतल्या नसीमबानूंनी मात्र शिलाईचं मशीन थांबवलं, आणि त्या उठून विचारू लागल्या, कुठल्या कोपऱ्यापासून सुरू करायचं.