मांडीवरची कळशी

नातीला परवा लायसन मिळालं आणि तिनं मला गाडीतून काष्टीच्या बाजाराला नेलं. गतिरोधकापाशी तिनं असा ब्रेक दाबला, की हातातली पाण्याची बाटली माझ्या लुगड्यावर सांडली. मांडी गार पडली आणि दुष्काळातली एक संध्याकाळ आठवली.

तेव्हा आमच्या मालकांना नवंच लायसन मिळालं होतं. गावोगाव पाणी पोचवणाऱ्या टँकरवर ते एका म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या हाताखाली होते. मी दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडायचे. संध्याकाळी ते मला टँकरमधून घरी सोडायचे. म्हातारा माझ्या मांडीवर काठोकाठ भरलेली कळशी ठेवायचा.

"लायसन सायबानं दिलं. गाडी येती का न्हाई, ते सूनबाईचं लुगडं सांगंल."

लुगडं कोरडं राहिलं तरच मालकांच्या एकट्याच्या हाती टँकर मिळणार होता. घरी पोचेल तेवढंच पाणी आमचं. मी रोज भिजायचे. खडीच्या धुळीचा अंगावर चिखल व्हायचा.

"जरा दमानं घ्या की."

"तू कळशी नीट धर," मालक म्हणायचे.

त्या संध्याकाळी ओढ्याचा उतार आला. मालकांनी आधीच गिअर बदलला, ब्रेक दाबलाच नाही. टँकर सावकाश खाली उतरला. कळशीतलं पाणी नुसतं हललं.

"काय सूनबाई?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"कोरडं हाय."

"मग उद्यापासनं ह्यो एकटा."

मालक घरापर्यंत हसत होते. मी भरली कळशी घरात ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांचा टँकर लांबच्या गावांना गेला, आणि खडी फोडून मी चालत घरी आले.