नाल्यातल्या माशांचा फिर्यादी

कारंजा भागातल्या त्या नाल्याचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. नव्वदच्या दशकात मी तिथे नवखा फौजदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना एका गावचे पोलीस पाटील ठाण्यात आले. नाल्याचं पाणी पिऊन दोन म्हशी मेल्या होत्या. गावाने आरोपीही पकडून आणला होता. नाल्यावर जाळं टाकून पोट भरणारा एक म्हातारा. मासे मारायला यानेच पाण्यात फवारणीचं औषध ओतलं, असं म्हशींचा मालक ओरडून सांगत होता.

असे प्रकार व्हायचे. फिर्याद घेतली, म्हशी पडल्या होत्या त्या कुरणात पंचनामा केला आणि म्हाताऱ्याला समोर बसवलं. दोन तास तेच तेच प्रश्न. शेवटी तोच चिडला.

"साहेब, नाल्यात पाह्यलं का तुम्ही? मासे तसेच तरंगून राह्यले! औषध टाकनारा मासे काऊन सोडून जाईन? वास सुटाच्या आंधी बजारात नेते तो."

हवालदार हसला. "बुवा, लय माहिती दिसते तुले!"

"साठ वर्सं पान्यात गेले माहे. तुह्यासारखा खुर्चीत नाई बसलो."

मी मात्र विचारात पडलो. खरंच, मासे कोणी उचलले का नव्हते? गुरं मेली की पंचनामा गुरांपाशी, ही आमची रीत. नाल्यात कोणी डोकावलंच नव्हतं.

म्हाताऱ्याला जीपमध्ये घालून नाल्यावर गेलो. "पहिला मेलेला मासा जिथं दिसन, तिथून खराबी," म्हणत तो वरच्या अंगाला चालू लागला. महामार्गाचा पूल आला. पुलापलीकडे पाणी नितळ, मासे जिवंत. अलीकडे, धाब्यामागे, एक टँकरवाला रसायनाची टाकी धूत होता. फेस थेट नाल्यात.

"साहब, टंकी ही तो धोई है, चोरी थोड़ी की है!"

धाबेवाला म्हणाला, "सगळेच धुतात साहेब. मीच बोर्ड लावला न, धुवाले पाणी फुकट."

पाण्याचे नमुने सीलबंद केले. टँकरवाल्यावर म्हशींचा गुन्हा उभा राहिला, कारण म्हशींना मालक होता. मेलेले मासे, बेडूक, पाणकोंबड्या मी हट्टाने पंचनाम्यात लिहिल्या. वरिष्ठांनी विचारलं, "यांचा फिर्यादी कोण?" नाल्याबद्दल प्रदूषण पाहणाऱ्या खात्याला पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही.

याचा राग मला तेव्हा आला आणि आजही येतो. अख्खा नाला मारला गेला, कागदावर मात्र दोनच म्हशी मेल्या! मेलं कोण, हे ठरवतानाच आपण निम्मा तपास बंद करून टाकतो.

म्हाताऱ्याला सोडताना मी म्हणालो, "बुवा, तुमच्यावर काही नाही. जा आता."

"जातो साहेब. पन जाऊ कोठी? नाला तं मेला."

खरा फिर्यादी तोच होता. आणि त्याला मी दिवसभर आरोपी म्हणून बसवून ठेवलं होतं.